पुदिन्याची कुंडी

आई गेल्यापासून गॅलरीतला तिचा पुदिना पिवळा पडत चालला होता. मी रोज सकाळी न चुकता पाणी घालत होते, तरीही. शेवटी उपटून पाहिला, तर मुळं कुजून काळी पडलेली.

"पाणी जास्त झालंय," रोपवाटिकेतला माळी म्हणाला. "घरात दोघं दोघं घालता की काय?"

बाबांना विचारलं, तर ते ओशाळले.

"दुपारी घालतो मी तांब्याभर. म्हटलं, ऑफिसच्या धांदलीत तुला कुठलं आठवतंय!"

"मग सांगायचं ना, बाबा."

"तू तरी कुठे सांगितलंस?"

खरंच होतं. आमच्या घरात काम करून मोकळं व्हायचं, बोलून दाखवायचं नाही. कितीतरी दिवसांनी आम्ही दोघं हसलो. मग बाबा मध्येच थांबले.

"तिचं ते संध्याकाळचं औषध... दुखण्यावरचं. ते तू देत होतीस?"

"हो. सातला, घरी आल्या आल्या. मोजून एक चमचा. तिला कुठे काय आठवायचं? दिलं की मुकाट घ्यायची."

बाबा रिकाम्या कुंडीकडे बघत राहिले.

"मी पाचलाच देत होतो."