कोरडे हात

नर्सताईंनी साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि सवयीने पदराला पुसले. त्याच पदरात त्या मघाशी फाटकाशी शिंकल्या होत्या, हे शलाकाने गॅलरीतून पाहिलं होतं.

दवाखान्यातल्या काचेच्या पेटीतून नुकतंच घरी आलेलं तिचं बाळ पाळण्यात चुळबुळत होतं. साधी सर्दीही त्याला झेपणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नर्सताई वजनासाठी उचलायला वाकल्या.

“ताई, थांबा. हात पदराला पुसलेत,” शलाका म्हणाली.

सासूबाईंनी डोळे वटारले. नर्सताई ओशाळल्या. “ट्रेनिंग दवाखान्यात झालं. तिथे पुसायला कागदी रुमाल होते. घरोघरी काय वापरायचं, ते कुणी सांगितलंच नाही.”

शलाकाने कपाटातून बाळाचा इस्त्री केलेला लंगोट काढला.

“अगं, लंगोटाला हात पुसायचे?” सासूबाई करवादल्या.

“घरात याच्याइतकं स्वच्छ काही नाही, आई.”

नर्सताईंनी पुन्हा हात धुतले, लंगोटाला पुसले, बाळाचं वजन केलं. निघताना शलाकाने विचारलं, “आता कुठे?”

“मागच्या आळीत. जुळी झालीत, अगदी बारकी.”

“मग दोन लंगोट घेऊन जा,” म्हणत सासूबाईंनीच कपाट उघडलं.