विनंती थांबा

घरची गाडी दारात असताना चांगुणाबाई पौडबाहेरच्या विनंती थांब्यावर एसटीची वाट बघत उभ्या होत्या. काखेत स्टीलचा डबा, डब्यात रव्याचे लाडू. नांद्याला बहिणीच्या नातवाचं नामकरण होतं. पिरंगुटापर्यंत एसटीनं जायचं आणि तिथून वडापच्या जीपनं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. नवऱ्याच्या गाडीत बसणार नाही, हे सकाळी चहाच्या वेळीच सांगून झालं होतं.

नवरा म्हणजे धम्मपाल. चौतीस वर्षं एसटीत कंडक्टर. निवृत्त झाल्यावर माणसं पेपर वाचतात आणि बायकोकडे चहा मागतात. यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रविवारचे चौकोन भरायला घेतले. दर रविवारी एक गोष्ट, आयुष्यात कधी न केलेली. एका रविवारी त्यांनी भाकरी थापल्या, त्या कुत्र्यानंही हुंगून सोडल्या. एका रविवारी विहारात सगळ्यांसमोर पेटी वाजवली. साठाव्या वर्षी कमरेला दोर बांधून विहिरीत उतरले आणि पोहून वर आले. "नवं तुमचं, आन निस्तरायचं म्या," असं चांगुणाबाई म्हणायच्या खऱ्या, पण मनातून त्यांना या माणसाची मौज वाटायची.

गाडीचं मात्र वेगळं होतं. हिंजवडीला नोकरी करणारी त्यांची मुलगी वृषाली महिनाभर शेजारी बसून बापाला शिकवत होती. गाडी एकदा धावायला लागली की धम्मपाल चांगली चालवायचे. पण एसटीचा थांबा दिसला की गाडी उभी करायचे. एकदा तर एक म्हातारबाबा मागचं दार उघडून आत बसले आणि त्यांनी भूगावचं तिकीट मागितलं. उभी राहिलेली गाडी मग हलायची नाही. गिअर पडलेला, पाय जागेवर, आणि धम्मपाल नुसते समोर बघत बसलेले. वृषालीनं त्यांचा खांदा हलवला की मग निघायचे. बाबा घाबरतात, असं तिनं आईला सांगितलं.

"भ्यालेल्या मान्साच्या मागं म्या न्हाई बसनार," चांगुणाबाईंनी निकाल दिला.

ते धम्मपालांना फार लागलं. सगळी नोकरी दुसऱ्यानं चालवलेल्या गाडीत उभ्यानं गेली. एकदा तरी बायकोला स्वतः कुठेतरी न्यावं, एवढंच त्यांना हवं होतं. आजच्या चौकोनात त्यांनी लिहिलं होतं, 'चांगुणास नांदे येथे नेणे.'

थांब्यावर लाल अक्षरात एल लिहिलेली पांढरी गाडी येऊन उभी राहिली. मागचं दार बरोबर खांबापाशी. वृषालीनं काच खाली करून आईला बसायला सांगितलं. चांगुणाबाई जागच्या हलल्या नाहीत. थांब्यावर उभ्या असलेल्या शेजारच्या सगुणाबाई मधे पडल्या, घरची गाडी आली असताना उन्हात काय उभी राहतेस म्हणाल्या. तरी नाही.

धम्मपाल समोर रस्त्याकडे बघत होते. बघता बघताच त्यांनी आवाज चढवला.

"पौड, पिरंगुट, लवळं, नांदे. मधी गाडी बदलावी लागत न्हाई."

थांब्यावरची माणसं हसली. चांगुणाबाईंना हसू आवरेना, आणि हसल्यावर उभं राहणं अवघड झालं. दार उघडून त्या मागे बसल्या.

"फुडच्या थांब्यापस्तोर बसते," त्या म्हणाल्या. "तितं काय ते ठरवीन."

गाडी हलली नाही.

वृषाली चला म्हणाली. मागून एका टेम्पोनं हॉर्न दिला, मग दुसऱ्यानं. चांगुणाबाईंचा हात दाराच्या कडीकडे गेला. तेवढ्यात त्यांना दिसलं की धम्मपालांचा डावा हात गिअरवरून उठला, वर छतापाशी गेला आणि तिथं काहीतरी चाचपून रिकामाच खाली आला. वृषालीला वाटलं, बाबा घाम पुसतायत. हात पुन्हा वर गेला.

तो हात चांगुणाबाईंच्या ओळखीचा होता. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्या नवऱ्याच्या एसटीतून माहेरी निघाल्या होत्या. घंटीची दोरी एकदा मला ओढू द्या, असं त्यांनी हळूच विचारलं होतं. ड्यूटीवर आहे, म्हणून धम्मपालांनी नाही म्हटलं होतं, वर तिकीटही फाडलं होतं. मग आज जसा गेला तसाच तो हात वर गेला, दोनदा घंटी वाजली आणि मगच गाडी सुटली.

हा माणूस घाबरलेला नव्हता. घंटी झाल्याशिवाय गाडी सोडायची नाही, हे चौतीस वर्षं त्याच्या अंगात मुरलं होतं, आणि त्याचं त्यालाही ते माहीत नव्हतं. चांगुणाबाईंना एकदम भरून आलं. महिनाभर आपण याला भित्रा म्हणत होतो.

त्यांनी डबा मांडीवर नीट घेतला, कमरेची घराची किल्ली काढली आणि झाकणावर वाजवली. ठण, ठण.

गाडी निघाली. हिसका नाही, काही नाही. वृषाली वळून आईकडे बघत राहिली. धम्मपालांनी मागं पाहिलं नाही, पण त्यांचे खांदे खाली आले आणि हात स्टिअरिंगवर सैल झाले.

"घरी गेल्याव चौकोनात माझं बी नाव लिवा," चांगुणाबाई म्हणाल्या. "घंटी म्या दिली."

अर्ध्या मैलावर पुढचा थांबा दिसला. खांबापाशी कोणी उभं नव्हतं. धम्मपालांचा पाय ब्रेकवर गेला, गाडी मंद झाली, आणि पहिल्यांदाच त्यांनी आरशातून मागे बघितलं.

चांगुणाबाईंनी किल्ली उचलली. ठण, ठण.