न सुटणारा पट्टा

“मेला सुटत कसा नाही!” हेरंबरावांच्या खांद्याशी वाकून वृंदा पुटपुटली. माळ्यावरून पुरणयंत्र काढताना त्यांचा उजवा खांदा पहिल्यांदाच निखळला, तेव्हापासून हात या शहाण्या पट्ट्यात बांधलेला होता. खांदा भरून आला आणि त्याला आधार नकोसा झाला, की स्नायूंचं ऐकून पट्टा आपोआप सुटायचा. शेजारच्या पोंक्ष्यांचा कधीच सुटला होता.

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरूनच तपासलं. “खांदा ठणठणीत आहे, पट्टाही बिघडलेला नाही. यांनाच तो सोडवत नाहीये.”

“काहीतरीच!” हेरंबराव खिडकीबाहेर बघत म्हणाले. कानांच्या पाळ्या मात्र लाल झाल्या.

वृंदा त्यांच्या शर्टाची बटणं लावू लागली. भात कालवून भरवायचा, केस विंचरायचे, शर्टाची बटणं लावायची. इतक्या जवळ ती दोघं कित्येक वर्षांत आली नव्हती. रोज कुरकुरत ती हे सगळं करायची आणि मनातून सकाळ व्हायची वाट बघायची.

गळ्याजवळचं शेवटचं बटण लावून झालं, तरी तिनं हात काढला नाही.

“अहो, हात मोकळा झाला तरी बटणं मीच लावणार आहे. मलाही आवडतं ते,” ती म्हणाली, आणि पट्टा टक्कन सुटला.