मागच्या उन्हाळ्यातली गळती

सहाव्यांदा फ्लश दाबला तेव्हा पाणी आलं नाही. नुसती घरघर झाली आणि थांबली.

रेणुकादास तसेच उभे राहिले. डॉक्टरांनी दिलेला सूचनांचा कागद त्यांनी चार वेळा वाचला होता, लाल पेनाने खुणा केल्या होत्या. पावडर दोन लिटर पाण्यात, पहाटे पाचपासून दर पंधरा मिनिटांनी एक पेला. दुपारी बाराला दुर्बीण आत जाणार होती आणि आतड्यात कॅन्सर आहे की नाही ते दिसणार होतं. महिनाभर पडणाऱ्या रक्ताबद्दल वाचण्यासारखं सगळं त्यांनी वाचलं होतं. पण नळ येऊन आठ दिवस झालेत आणि टाकी तळाला गेली असणार, हे चाळीस वर्षं लातुरात राहूनही त्यांच्या डोक्यात आलं नाही.

"दोन बादल्या आहेत," लताबाई म्हणाल्या. "कितीदा पुरतील?"

"पुरवू."

"कसं पुरवू? अजून निम्मा जग प्यायचा राहिलाय." त्या अंगणात निघाल्या.

"हळू बोल. सगळ्या गल्लीला कळेल."

तोवर आवाज भिंतीपलीकडे गेला होता. "रजियाभाभी, पाइप टाका जरा इकडं. ह्यांना आज कोलोनोस्कोपीला न्यायचंय, अन् टाकी संपली."

रेणुकादास पेला घेऊन दाराआड सरकले. कॉलेजात तीस वर्षं ग्रंथपाल असताना त्यांनी कुणाला मोठ्याने 'शांत बसा' म्हटलं नव्हतं.

पाइप आला, आणि पाइपामागे रजियाभाभींचे नवरे खाजामियाँ. गाद्या भरायचं काम त्यांचं. बनियनला कापूस चिकटलेला. त्यांनी पाइप न्हाणीतल्या पिंपात सोडला.

"सर, त्या पावडरीला लिंबाचा वास येतो ना?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"पेलोय की. गेल्या उन्हाळ्यात. तुम्ही नांदेडला लेकीकडं गेलता तवा." खाजामियाँ पाइपाकडे बघत बोलत होते. "आमची टाकी अर्ध्यातच संपली. तुमची चावी आमच्याकडंच व्हती. मंग तुमचीबी संपवली."

"मी प्लंबर आणला होता. दोनदा."

"हाव. बघितलं मी."

"गळती आहे म्हणाला. अंगणातली तोटी बदलली त्यानं."

"सांगायचं लई मनात आलं, सर. पण कशापायी संपवली ते कसं सांगू?"

रेणुकादासांना हसू आलं. ते हसू आणि पोट दोन्ही दाबत ते आत पळाले.

बाहेर आले तेव्हा खाजामियाँ पिंपाशी उकिडवे बसले होते.

"काय निघालं तुमचं?" रेणुकादासांनी हळूच विचारलं.

"मूळव्याध. अन् मी कफनाचं कापड आणून ठेवलतं. मंग रजियानं उशांच्या खोळी शिवल्या त्याच्या."

"मी पुस्तकांची यादी केलीय. कोणतं कुणाला द्यायचं." रेणुकादास थांबले. "उर्दू-मराठी शब्दकोश तुमच्या नावावर आहे."

"मला?" खाजामियाँनी विचार केला. "मोठा हाय का?"

"दोन किलो असेल."

"प्या, सर. पंधरा मिनटं झाली."

संध्याकाळी नळ सुटला. रिक्षातून उतरून रेणुकादास घरात गेले नाहीत. पाइपाचं एक टोक अंगणातल्या तोटीला लावलं, दुसरं भिंतीवरून पलीकडच्या पिंपात सोडलं.

"आम्हालाबी आलाय की नळ, सर," खाजामियाँ म्हणाले.

"असू द्या."

"काय म्हणले डॉक्टर?"

"काही नाही. मूळव्याध."

खाजामियाँनी पाइपाचं टोक पिंपात खोल सरकवलं. मग म्हणाले, "म्हंजे शब्दकोश गेला माझा."

पिंप भरलं. पाणी काठावरून फरशीवर आलं, फरशीवरून खाजामियाँच्या पायांवर. ते हलले नाहीत. पाणी वाया चाललंय, तोटी बंद करा, असं लताबाई आतून सांगत होत्या.

रेणुकादासांचा हात तोटीवरच होता. वर्षभरात तिच्यातून एक थेंबही गळला नव्हता. त्यांनी ती लगेच फिरवली नाही.