दामाजीशेठच्या घरचा बिघाड

“आज चालला तर चालला. नाय चालला तर उचल आणि घेऊन जा डोंबिवलीला.”

दामाजीशेठ एवढं बोलून झोपाळ्यावर बसले. रतनने मान डोलावली आणि कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढली.

त्याने स्वतःच्या हाताने जोडलेला हा कॉम्प्युटर दसऱ्याला बाळकुमला शेठच्या घरी आला. हळदकुंकू झालं, हार घातला, अख्खी आळी बघायला लोटली. आणि दिवाळी सरायच्या आत मशीनने घरच्यांना नुसता वात आणला. आधी रंग गेले, सगळा पडदा भडक आणि ओबडधोबड दिसायला लागला. रतनने येऊन डिस्प्लेचा ड्रायव्हर, म्हणजे पडदा चालवणारा प्रोग्राम, पुन्हा टाकला. मग आवाज गेला. तो साऊंडचा ड्रायव्हर टाकून गेला. परत रंग गेले. त्याने कार्ड बदललं, मेमरी बदलली, विंडोज पहिल्यापासून टाकलं. शेठ म्हणायचे, “नवा का जुना दिला रे?” आणि रतन नुसता हसायचा. हसण्याशिवाय करणार काय?

मानपाड्याच्या केमिकल कंपनीतली पाळी सोडून त्याने डोंबिवलीत कॉम्प्युटरचं दुकान टाकलेलं. घरी त्यावरून रोज कटकट. आशा होती ती या बाळकुमवर. आळीतले नामा पाटील, सोसायटीचे काळुराम, सगळे एकच सांगत होते, दामाजीचा नीट चालला की आम्हीपण घेतो. या आळीत एकाने टीव्ही घेतला की सगळे तोच घेत, आणि एकाने परत केला की त्या दुकानाची पायरी कुणी चढत नसे. शेठनी आज मशीन परत दिलं, तर रतनला पुन्हा केमिकलच्या वासात उभं राहायचं होतं.

“चहा,” शेठच्या बायको, भागीरथीकाकू, कप घेऊन मागे येऊन उभ्या राहिल्या.

“ठेवा काकू.”

काम करताना मागे कुणी उभं राहिलेलं रतनला चालत नसे. हात अडखळतो म्हणून तो सगळ्यांना बाहेर काढायचा. शेठच्या मुलीला, शालूलासुद्धा, आणि मशीन तर तिच्याच कॉलेजसाठी घेतलेलं. पहिल्या दिवशी काकूंनी विचारलेलं, हे कसं चालवतात रे? तेव्हा तो म्हणाला होता, तुम्ही फक्त कपड्याने झाकून ठेवा, धूळ बसू देऊ नका. पण चहा आणणाऱ्या बाईला बाहेर जा कसं म्हणायचं? कप रिकामा होईपर्यंत त्या उभ्याच असायच्या.

आज रंग होते, आवाजही होता. पण मशीन म्हाताऱ्यासारखं चाललं होतं. पडद्यावर एखादी खिडकी उघडली की ती वरून खाली रेंगाळत यायची. रतनने ड्रायव्हर तपासले. जागच्या जागी. हार्ड डिस्क तपासली. ठणठणीत. मग तो ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये शिरला आणि त्याचा हात माऊसवरच थांबला.

वेग कमी-जास्त करायची पट्टी होती. तिचं बटण त्याने स्वतः पार उजवीकडे ठेवलेलं. ते आता पार डावीकडे होतं.

ड्रायव्हर एक वेळ आपोआप बिघडेल. पण हे बटण आपोआप सरकत नाही.

“शेठ,” तो हळूच म्हणाला, “मशीन चांगलं आहे. कुणीतरी हात लावलाय.”

झोपाळा थांबला.

“शालू,” शेठनी हाक मारली. “इकडं ये.”

शालू आतून आली. बापाचा चेहरा बघूनच तिचे डोळे भरले. “बाबा, शपथ, मी काय नाय केला. मला तर अजून नीट बंद करतापण येत नाय.”

“मग कोण, मी केला? खोटं बोलतेस ना? उद्यापासून क्लास बंद. कॉलेजपण बंद. घरात बस.”

शालू हुंदके द्यायला लागली. रतनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपलं दुकान वाचवायला निघालो आणि पोरीच्या पायावर धोंडा पाडला. तिचं तोंड सांगत होतं, ती खरं बोलतेय. मग बटण सरकवलं कुणी? ते त्याला कळेना, पण हे असं चालू द्यायचं नाही एवढं कळलं.

“शेठ, तिला नका बोलू,” तो उठला. “माझंच काहीतरी चुकलं असेल. मशीन नेतो मी.”

“म्हणजे मशीनच खराब ना?”

रतनने मनात हिशेब केला. नामा पाटील गेले, काळुराम गेले, दुकान गेलं.

“हो,” तो म्हणाला आणि वायर काढायला वाकला.

“बंद नको करूस.”

भागीरथीकाकू पुढे आल्या. पदराला हात पुसले आणि खुर्चीवर बसल्या.

“अगं, तू कुठं बसतेस? ऊठ,” शेठ म्हणाले.

काकूंनी माऊस धरला. पट्टीवरचं बटण पकडून पार उजवीकडे नेलं, ओके दाबलं. मशीनने पुन्हा सुरू करू का विचारलं, त्यांनी होकार दिला. पडदा काळा झाला, उजळला. त्यांनी एक खिडकी उघडली. ती झटक्यात समोर आली. बंद केली, पुन्हा उघडली. पुन्हा झटक्यात.

शालू रडायची थांबली. शेठ झोपाळ्यावरून उठून जवळ आले, कधी पडद्याकडे बघत, कधी बायकोकडे.

“हे तुला कुणी शिकवलं?”

“रतननेच,” काकू म्हणाल्या. “मी बिघडवून ठेवायची, तो येऊन दाखवायचा.”