रिकामा हात

नीरजच्या नव्या गाडीला गिअर बदलावे लागत नसत. चढ लागला की इंजिनाचा आवाज एका दमात चढत जाई, आणि वेग मात्र तेवढाच राही. पोलोग्राउंडच्या चढावर तो आवाज शेकडो माग एकदम चालावेत तसा झाला, आणि शेजारी बसलेल्या हरिभाऊंनी कान टवकारले.

हरिभाऊंची कापडमिल बंद होऊन बारा वर्षं झाली होती. मागांच्या गोंगाटात हाक ऐकू येत नसे, म्हणून तिथे प्रत्येकाला खुणेचं नाव असे. हरिभाऊंचं नाव म्हणजे भुवईवर दोन बोटं. ते शेजारच्या मागावरच्या देवेंद्रने ठेवलेलं. मिल बंद झाली त्याच वर्षी देवेंद्र वारला.

नीरजचा डावा हात उठला. दोन बोटं भुवईवर टेकली.

"हे कुठं शिकलास रे?"

"काय, बाबा?" नीरजची नजर रस्त्यावरच होती. "गिअर नाही ना हिच्यात, हात फालतू पडून असतो."

आवाज आणखी चढला. तोच हात हरिभाऊंकडे वळला आणि पंजा हळूच आत ओढला गेला. देवेंद्र रोज बोलवायचा तीच खूण: चल, पाळी सुरू झाली.

हरिभाऊंनी आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. तरी उजवा निसटलाच, आणि वर होऊन त्याने खूण केली.

आलो.