शेवटच्या फेरीतला अंबाडा

बॉक्सिंगचा तो गाजलेला सामना मास्तरांनी लग्नाआधी, एका दुकानाच्या काचेबाहेर उभं राहून आतल्या टीव्हीवर पाहिला होता. सुट्टीतल्या खरेदीची ही गर्दी! नेमक्या शेवटच्या फेरीत पुढची एक मुलगी नुकतीच घेतलेली पितळी बादली पालथी घालून तिच्यावर चढली, आणि निकाल लावणारा ठोसा तिच्या भल्यामोठ्या अंबाड्याआड गेला. चाळीस वर्षं मास्तर त्या अंबाड्याच्या नावाने बोटं मोडत होते.

आज बायकोमागे पिशव्या घेऊन तशाच गर्दीतून जाताना एका दुकानातल्या टीव्हीवर तोच सामना दिसला. शेवटची फेरी! पण पुढे माणसांची भिंत. मास्तर चवड्यांवर उभे राहिले, तरी काही दिसेना.

"अहो, सरका की जरा! ह्यांचा एक ठोसा बघायचा राहिलाय," म्हणत बायकोने कोपरांनी वाट काढली आणि त्यांना थेट काचेशी नेलं. ठोसा बसला. मास्तरांनी पिशव्या टाकून टाळ्या पिटल्या.

"झालं समाधान? मग आता माझ्या अंबाड्याचा पिच्छा सोडा," बायको म्हणाली. "त्या बादलीतून तर रोज अंघोळ करता!"